गांडुळाचे गोत्र : शेतीविषयक मराठी लेखनातील ‘देशी’ आणि ‘विदेशी’

१

‘गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र आहे’ हे वाक्य ज्याच्या कानांवरून गेले नाही असा शेतकरी आज नाशिक जिल्ह्यात शोधूनही सापडणार नाही. शाळेच्या पाठ्यपुस्तकात, कृषिप्रदर्शनातील फलकावर, खताच्या पोत्यावर आणि प्रशिक्षणवर्गातील व्याख्यानात ते सारख्याच निश्चिंतपणे येते. वाक्य सुबोध आहे, आटोपशीर आहे आणि स्थूलमानाने खरेही आहे. तथापि त्यातील कर्तृपद नेमके कोणाचा निर्देश करते हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. निफाड तालुक्यातील एका प्रशिक्षणवर्गात भाषेचा अभ्यासक म्हणून प्रस्तुत लेखक श्रोत्यांत बसला होता. गांडूळखताची माहिती सांगून झाल्यावर एका वृद्ध द्राक्षबागायतदाराने वक्त्याला विचारले, “सर, हे पेटीतलं गांडूळ बाहेरच्या देशातलं आहे म्हणता. मग आमच्या बांधावरचं ते कोणतं?” वक्त्याने ‘ते आपले देशी’ असे उत्तर देऊन विषय आवरता घेतला. प्रश्न मात्र तेथे मिटला नाही.

या लेखाचा विषय तो प्रश्न व त्याला मिळालेले उत्तर हा आहे. लेखक प्राणिशास्त्रज्ञ नव्हे. प्राणिशास्त्रातील जी माहिती पुढे येते ती त्या शास्त्रातील मान्य माहिती आहे. लेखकाचा अधिकार आहे तो एवढाच की, गांडुळांविषयीच्या मराठी लेखनाची भाषा तपासावी आणि त्या भाषेमुळे काय दिसते व काय झाकले जाते ते सांगावे. बाहेरच्या भूप्रदेशांतून आलेल्या गांडुळांचा प्रसार हा जगभर गंभीरपणे अभ्यासिला जाणारा विषय आहे. मराठीत त्याची चर्चा होते, परंतु ती अपुऱ्या शब्दांनी होते. त्यामुळे भीती एका प्राण्याची बाळगली जाते आणि प्रसार दुसऱ्याचा होतो, असे आमचे प्रतिपादन आहे.

२

प्रथम शब्दाकडे वळू. अमरकोशाच्या वारिवर्गात, म्हणजे जलचरांच्या सान्निध्यात, ‘गण्डूपद’ आणि ‘किञ्चुलुक’ हे शब्द येतात. पालीत ‘गण्डुप्पाद’ आहे. मराठी ‘गांडूळ’ या शब्दाचे या पहिल्या कुळाशी आणि हिंदी ‘केंचुआ’चे दुसऱ्या कुळाशी असलेले नाते कानालाही जाणवते. विशेष म्हणजे आयुर्वेदाच्या संहितांत ‘गण्डूपद’ हा शब्द पोटातील कृमींच्या प्रकारांतही येतो. अर्थात प्राचीन काळापासून हे नाव एका जातीचे नसून आकाराचे आहे. जे लांबट, वळ्यावळ्यांचे व बिनपायाचे, ते गण्डूपद.

बोलींमध्ये आणखी नावे आहेत. शिदोड, काडू, दानवे, वाळे, केचळ ही नावे गांडूळखताच्या पुस्तिकांतूनही आरंभी एका ओळीत दिलेली आढळतात. ती ओळ वाचताना भाषाभ्यासकाला खेद होतो, कारण ही नावे तेथे केवळ ‘गांडुळाची इतर नावे’ म्हणून पर्यायवाचक ठरविलेली असतात. पहिल्या पानावर ती एकदा येतात आणि पुढे पुस्तिकाभर एकच ‘गांडूळ’ उरते. एखाद्या भागात शिदोड म्हणतात ते आणि दुसऱ्या भागात काडू म्हणतात ते एकाच प्रकारचे असते काय? गळाला लावायचे निराळे, शेणाच्या उकिरड्यात सापडणारे निराळे, नांगराच्या तासात वर येणारे निराळे, असा भेद बोलणाऱ्यांच्या मनात असतो काय? हे कोणी विचारून लिहून ठेवल्याचे दिसत नाही. मासे धरणाऱ्या पोराला जो भेद हाताने कळतो तो पुस्तिकेला कळत नाही, ही स्थिती काही शास्त्राच्या बाजूने बोलणारी नाही.

३

या लेखनातील खरा दोष व्याकरणाचा आहे, आणि तो जातिवाचक एकवचनात दडलेला आहे. ‘घोडा इमानी असतो’ असे आपण म्हणतो तेव्हा सर्व घोड्यांविषयी बोलतो, आणि घोडा ही एकच जाती असल्याने फारसे बिघडत नाही. गांडुळांच्या मात्र जगात काही हजार जाती आहेत व एकट्या भारतात चारशेहून अधिक नोंदल्या गेल्या आहेत. फ्रेंच शास्त्रज्ञ मार्सेल बूशे याने १९७० च्या दशकात त्यांचे राहणीवरून जे तीन वर्ग सांगितले ते आज सर्वमान्य आहेत. पहिला वर्ग पृष्ठभागावरील पाचोळ्यात व शेणात राहणाऱ्यांचा. ही गांडुळे कुजके सेंद्रिय द्रव्य खातात, माती जवळजवळ खात नाहीत व बिळे करीत नाहीत. दुसरा वर्ग मातीच्या वरच्या थरांत आडवी बिळे करून मातीच खाणाऱ्यांचा. तिसरा खोल उभी बिळे करून रात्री वर येणाऱ्यांचा.

आता पुस्तिकांतील वाक्ये पाहावीत. गांडूळ जमीन भुसभुशीत करते. गांडूळ पाणी मुरवते. गांडूळ खालची माती वर आणते. गांडूळ शेणकचऱ्याचे खत करते. गांडूळ झपाट्याने वाढते. पहिली तीन क्रियापदे दुसऱ्या व तिसऱ्या वर्गाची आहेत, शेवटची दोन पहिल्या वर्गाची. तिघांची क्रियापदे एकाच कर्त्याला जोडली गेली आहेत आणि असा कर्ता सृष्टीत कोठेही नाही. ही निव्वळ शब्दांची कुरकुर आहे असे कोणी समजू नये. शेतकरी जे विकत घेतो ते पहिल्या वर्गातील गांडूळ असते. त्याला ते नांगराचे काम करील असे त्या वाक्याने सांगितलेले असते. प्रस्तुत लेखकाच्या परिचयातील एका कुटुंबाने एका विक्रेत्याकडून अशी गांडुळे आणून फाल्गुनाच्या अखेरीस उघड्या काळ्या रानात सोडली. वैशाखापर्यंत एकही उरले नाही. आपणच पाणी देण्यात कसूर केली असे ते कुटुंब आजही मानते. वस्तुतः चूक त्यांची नव्हती, वाक्याची होती.

४

गांडूळखतासाठी भारतात १९८० च्या दशकापासून ज्या जाती विशेष प्रचारात आल्या त्यांत दोन बाहेरच्या आहेत. आयसेनिया फेटिडा ही मूळची युरोपाकडील व युड्रिलस युजेनी ही पश्चिम आफ्रिकेतील. तिसरी, पेरिओनिक्स एक्स्कॅव्हेटस, ही भारतासह आशियातील आहे. ती उलट अमेरिकेत गेली व तेथे ‘इंडियन ब्लू’ या नावाने विकली जाते. आयसेनियाच्या नावातील दुसरे पद लॅटिन असून त्याचा अर्थ ‘दुर्गंधी’ असा आहे. मराठी पत्रकांत ते फेटिडा, फिटिडा, फीटीडा असे नाना प्रकारे येते. कोठे कोठे ‘फोटिडा’ असेही छापलेले असते. जुन्या रोमन लेखनातील जोडस्वराचे हे अपत्य होय. नाव लिहिणाऱ्याला ज्या नावाचा अर्थ ठाऊक नाही आणि वाचणाऱ्याला ज्याचा उच्चार ठाऊक नाही, ते नाव ओळख पटविण्याच्या कामाचे राहत नाही. ते मंत्रासारखे केवळ प्रामाण्य देते.

प्रचारलेखनाच्या या संप्रदायाविरुद्ध दुसरा एक संप्रदाय उभा राहिला. नैसर्गिक शेतीचे पुरस्कर्ते श्री. सुभाष पाळेकर (पद्मश्री, २०१६) यांनी आपल्या लेखनातून व शिबिरांतून आयसेनिया फेटिडाला कडाडून विरोध केला. त्यांच्या मांडणीचा सारांश असा की, हा प्राणी माती खात नाही, म्हणून तो गांडूळच नव्हे. तो परका व घातक आहे. जमिनीत खोल गेलेली देशी गांडुळे जीवामृताने पुन्हा वर आणावीत. या मांडणीतील एक निरीक्षण मोलाचे आहे. शेणातील गांडूळ आणि मातीतील गांडूळ एक नव्हेत, हे प्रचारपत्रकांनी पुसलेले अंतर पाळेकरांनी शेतकऱ्याच्या भाषेत पुन्हा रेखाटले. त्याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

परंतु त्या निरीक्षणावरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही. लिनीयसने १७५८ मध्ये ज्या लुंब्रिकस वंशाला नाव दिले त्याच्याच कुलात आयसेनियाची गणना होते. तेव्हा ते गांडूळ नव्हे म्हणणे हे मांजर व्याघ्रकुलातील नव्हे म्हणण्यासारखे आहे. शिवाय येथे दोन भिन्न प्रश्नांची गल्लत होते. प्राणी कोठून आला हा एक प्रश्न, तो येथे काय करतो हा दुसरा. ‘विदेशी’ या एका विशेषणात दोन्ही कोंबले की उगमावरून स्वभाव ठरतो. हे विशेषण गाईंच्या वादातून गांडुळांच्या वादात आले, आणि येताना आपले गुणदोष बरोबर घेऊन आले.

५

उगमाविषयीच्या समजुती किती फसव्या असतात याची दोन उदाहरणे प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याने ध्यानी ठेवण्यासारखी आहेत. आपल्या महाविद्यालयांत पिढ्यान् पिढ्या ज्या गांडुळाचे विच्छेदन झाले ते फेरेटिमा पोस्थुमा. लखनौचे प्राध्यापक कर्म नारायण बहल यांनी १९२६ मध्ये त्यावर लिहिलेला प्रबंध इतका प्रमाणभूत ठरला की, ‘भारतीय गांडूळ’ म्हणजे हेच असा समज दृढ झाला. या जातीचे पहिले वर्णन मात्र १८६८ मध्ये जावा बेटातील नमुन्यावरून झाले आहे, आणि तज्ज्ञ तिला आग्नेय आशियाकडून पसरलेली, म्हणजे भारतात बाहेरची मानतात. आज तिचे वंशनामही बदलून मेटाफायर झाले आहे. याच्या नेमके उलट लॅम्पिटो मॉरिटी. नावावरून ती मॉरिशसची वाटते, कारण किनबर्गने १८६० च्या दशकात तिचे वर्णन तेथील नमुन्यावरून केले. प्रत्यक्षात ती भारतीय द्वीपकल्पाची मूळ रहिवासी असून मॉरिशसला ती येथूनच केव्हातरी गेलेली असावी. एकीकडे पाठ्यपुस्तकातील स्वदेशी जात परकी, दुसरीकडे परक्या नावाची जात स्वदेशी! निफाडच्या त्या गृहस्थांना ‘ते आपले देशी’ असे सांगणाऱ्या वक्त्याने बांधावरची माती उकरून पाहिली नव्हती, आणि पाहिली असती तरी केवळ डोळ्यांनी त्याला ते सांगता आले नसते.

ज्या जाती खरोखर या भूमीच्या आहेत त्यांना मराठीत नावच नाही. हाम्बुर्गच्या विल्हेल्म मायकेलसेनने १९०० मध्ये एका वंशाला ‘द्रविडा’ हे नाव दिले. भाषाशास्त्रात जो शब्द एका भाषाकुलाचे नाव झाला तोच प्राणिशास्त्रात गांडुळांच्या एका वंशाचे. सह्याद्रीच्या परिसरातील होप्लोकीटेलासारखे वंश स्टीफन्सनच्या १९२३ च्या आणि जुल्का यांच्या १९८८ च्या ग्रंथांत वर्णिलेले आहेत. हे ग्रंथ म्हणजे या प्राण्यांचे शब्दकोशच होत. मात्र ते इंग्रजीत आहेत, आणि त्यांतील एकही नोंद मराठी पुस्तिकेपर्यंत पोहोचलेली नाही.

६

आता प्रत्यक्ष प्रसाराकडे वळू. उत्तर अमेरिकेचा जो भाग हिमयुगात बर्फाखाली होता तेथे हिमनद्या ओसरल्यावर मूळची गांडुळे उरली नव्हती. युरोपीय वसाहतवाल्यांच्या जहाजांतील भरताडाच्या मातीतून, रोपांच्या मुळांभोवतीच्या गड्ड्यांतून आणि पुढे मासेमारीच्या आमिषातून तेथे गांडुळे पोहोचली. मिनेसोटासारख्या प्रांतांतील अरण्यांत पाचोळ्याचा जाड थर ती खाऊन टाकतात. त्या थरावर विसंबून असलेली रोपटी व लहान वनस्पती नाहीशा होतात. तेथील ‘मित्र’ अरण्याचा मित्र नाही. आपल्याकडील स्थिती निराळी आहे, कारण येथे मूळची गांडुळे मुबलक होती. म्हणून अमेरिकेतील निष्कर्ष जसाच्या तसा उचलणे योग्य नव्हे.

आपल्याशी अधिक संबंध आहे तो पॉन्टोस्कोलेक्स कोरेथ्रुरस या जातीचा. ही मूळची दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातील. आज ती उष्ण कटिबंधात सर्वत्र आढळते आणि पश्चिम घाटाच्या दक्षिणेकडील मळ्यांत मुबलक आहे. ती कोणी विकली नाही, कोणी तिचे शिबिर घेतले नाही. ती मातीत राहते, माती खाते आणि नर-संयोगावाचूनही अंडी घालू शकते. त्यामुळे एकट्या प्राण्यापासून नवी वसाहत उभी राहू शकते. ब्राझीलमध्ये मानाउस शहराजवळ अरण्य तोडून केलेल्या कुरणांत मूळच्या जाती नष्ट झाल्यावर हीच एक जात माजली आणि तिच्या विष्ठेने जमिनीचा वरचा थर घट्ट होऊन पाणी मुरेनासे झाले, असे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविण्यात आले. पुस्तिकेतील ‘गांडूळ जमीन भुसभुशीत करते’ या वाक्याचे हे थेट खंडन होय. याउलट आयसेनिया फेटिडा ही शेणाच्या ढिगाबाहेर, तापलेल्या काळ्या रानात तग धरीत नाही. ज्या कुटुंबाचा उल्लेख वर केला त्याने ते स्वखर्चाने सिद्ध केले आहे. म्हणजे जिच्याविषयी वादंग माजले ती ढिगात राहिली, आणि जी मातीत पसरली तिला मराठीत नाव नाही.

नवल असे की, ‘मित्र’ या कल्पनेचे मूळ ज्या ग्रंथात शोधले जाते त्या डार्विनच्या १८८१ च्या ग्रंथातच या प्रसाराची चाहूल आहे. पूर्वेकडील पेरिकीटा वंशाची गांडुळे फ्रान्समध्ये नीस शहराच्या आसपास रुळल्याचा उल्लेख त्यात येतो. डार्विनची स्तुती मराठीत आली. हा उल्लेख आला नाही.

७

भाषाशास्त्राला या प्रसंगी काही सांगण्यासारखे आहे. आपल्या व्याकरणपरंपरेने शब्दांचे तत्सम, तद्भव व देश्य असे वर्ग केले आणि पुढे त्यांत परभाषीयांची भर पडली. हे वर्ग उगमाचे आहेत. ‘बटाटा’ पोर्तुगीजांकडून आला, ‘जमीन’ फारसीतून आली. परंतु मराठीचा कोणताही वर्णनकार त्यांच्या उगमावरून आजचे त्यांचे वर्तन ठरवीत नाही. शब्द आला, हा एक टप्पा. तो मराठीचे विभक्तिप्रत्यय घेऊ लागला, म्हणजे रुळला, हा दुसरा. त्याने आधीचे शब्द हुसकून लावले, हा तिसरा. आणि तो प्रत्येक वेळी येतोच असे नाही. जीवशास्त्रही हेच तीन टप्पे वेगळे मानते.

या तीन टप्प्यांसाठी मराठीत शब्द घडवावे लागणार नाहीत, ते आहेत. केवळ बाहेरून आलेली जात ‘आगंतुक’ म्हणावी. जी माणसाच्या मदतीवाचून येथे पिढ्या वाढवू लागली ती ‘रुळलेली’. जी इतरांची जागा घेत अनिर्बंध पसरली ती ‘बोकाळलेली’. या परिभाषेत आयसेनिया आपल्या कोरडवाहू रानात आगंतुक आहे. पोस्थुमा रुळलेली आहे. पॉन्टोस्कोलेक्स काही ठिकाणी बोकाळलेली आहे. ‘विदेशी’ या शब्दाने तिघींना एकाच रांगेत बसविले होते.

साम्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. शब्द मेला तरी कोशात उरतो व एखादा लेखक त्याला पुन्हा उठवू शकतो. सह्याद्रीच्या एखाद्या डोंगरउतारावरची जात नाहीशी झाली तर तिचे नाव ग्रंथात उरेल, ती उरणार नाही. म्हणून उगमावरून दोष देऊ नये हे भाषाशास्त्राचे वचन ‘कशाचीच काळजी नको’ असे वाचता येणार नाही.

नावाने काय साधते, हे गाजरगवताच्या उदाहरणावरून कळते. पुण्याच्या परिसरात १९५५ मध्ये त्याची नोंद झाली, आणि अल्पावधीत लोकांनी त्याला ‘काँग्रेस गवत’ हे नावही दिले. ते अमेरिकेच्या मदतीच्या गव्हातून आले असे सर्रास सांगितले जाते. परंतु त्या गव्हाचा करार १९५६ चा आहे, म्हणजे नोंद आधीची. लोकांनी रचलेला इतिहास संशयास्पद ठरला, तरी नावाने काम केले. गवत ओळखू येऊ लागले, उपटले जाऊ लागले. मातीखालच्या प्राण्याला असे नाव मिळालेले नाही, म्हणून तो दिसत नाही.

८

नाशिकच्या दृष्टीने हा प्रश्न दूरचा नाही. येथील द्राक्षवेलींचे कलम आज मोठ्या प्रमाणावर ‘डॉगरिज’ या अमेरिकी खुंटावर बांधले जाते. जे द्राक्ष आपण नाशिकचे म्हणतो त्याची मुळे परदेशी आहेत, आणि त्यात कोणाला विशाद वाटत नाही, वाटण्याचे कारणही नाही. परंतु रोप पिशवीतून येते, पिशवीत माती असते आणि मातीत काय येते ते कोणी पाहत नाही. खताच्या पोत्यातही गांडुळांचे कोश जाऊ शकतात. गांडुळांचा जगातील प्रसार मुख्यतः याच वाटेने, मातीच्या गड्ड्याबरोबर, झालेला आहे. शेतकऱ्याला सांगायचे ते हे : पेटीतले गांडूळ पेटीत ठेवा, खत चाळून टाका, रोपाबरोबर आलेली माती कोठली आहे ते विचारा आणि बांधावर जे सापडते ते आधी ओळखून घ्या. यांपैकी एकही सूचना ‘गांडूळ मित्र आहे’ या वाक्यातून निघत नाही, तशीच ‘विदेशी गांडूळ शत्रू आहे’ या वाक्यातूनही निघत नाही.

या कामात भाषाविभागाचा वाटा लहान पण निश्चित आहे. क्षेत्रीय अभ्यासाला जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी बोलींतील नात्यांच्या व अवजारांच्या शब्दांबरोबर शिदोड, काडू, वाळे या शब्दांचीही नोंद करावी. ते नाव कोणत्या मातीतल्या, कोणत्या ऋतूतल्या, केवढ्या व कोणत्या रंगाच्या गांडुळाला दिले जाते ते बोलणाऱ्याला विचारून लिहावे. शक्य तेथे नमुना प्राणिशास्त्र विभागाकडे द्यावा. नाव आणि नमुना एकत्र आल्यावाचून निफाडच्या त्या गृहस्थांच्या प्रश्नाला उत्तर देता येणार नाही. तोवर निदान त्यांना ‘ठाऊक नाही’ असे सांगण्याचा प्रामाणिकपणा आपल्या लेखनात यावा.